१५ वॉटचा ट्यूब अँप, वन बीएचके आणि खालचे आजोबा: फुल्ल पिळलेला टोन हळू आवाजात मिळतो का?

कोथरूडचा_स्ट्रॅट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीत फेंडर ब्लूज ज्युनियर घेतला, सेकंड हँड, १५ वॉट, दोन ईएल८४ ट्यूब, एक १२ इंची स्पीकर. घेताना माझं गणित साधं होतं की कॉलेजच्या बँडमध्ये १०० वॉटचा ट्रान्झिस्टर अँप वापरायचो, त्यापुढे १५ म्हणजे किरकोळ, हॉलमध्ये आरामात वाजेल. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खाली एक आजी-आजोबा, बाजूला दहावीची मुलगी.

परवा रविवारी बायको माहेरी, खालचे लग्नाला गेलेले, बाजूच्या दाराला कुलूप. म्हटलं हीच वेळ. व्हॉल्यूम ८ वर, मास्टर (त्याच्या पुढचा, एकूण आवाजाचा नॉब) १२ वर (हो, याचे नॉब १२ पर्यंत जातात) आणि ई वाजवला. काय सांगू राव. शोकेसमधले कप किणकिणले, पण तो आवाज! हलकं वाजवलं तर स्वच्छ, जोरात मारलं की फाटतो पण फाटतो तोही गोड, गिटारचा व्हॉल्यूम जरा खाली घेतला की परत शहाण्यासारखा साफ होतो, आणि नोट सोडली की विरायचं नावच घेत नाही. चार मिनिटं वाजवलं असेल. पाचव्या मिनिटाला सेक्रेटरींचा फोन.

आता रोज रात्री मास्टर १ वर आणि व्हॉल्यूम १२ वर ठेवून वाजवतो तर डब्यात माशी अडकल्यासारखं ऐकू येतं. डिस्टॉर्शन आहे पण त्यात जीव नाही. एकजण म्हणतो पेडल घे, एकजण म्हणतो ॲटेन्युएटर घे (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज मारणारा डबा, किंमत बघितली, परत ठेवली), एका मित्राने सांगितलं की स्पीकरची पिनच काढून ठेव आणि कुठूनतरी हेडफोन जोड, आणि एकाचं म्हणणं डिमरस्टॅट लावून व्होल्टेज खाली आण, रॉक गिटारवाला एडी व्हॅन हेलन तेच करायचा. यातलं नक्की काय करू? बजेट विचारू नका, अँपमध्येच संपलंय.

---

व्हॉल्व्हकाका

सगळ्यात आधी, स्पीकरची पिन काढून अँप चालू करायचा नाही. एक सेकंदही नाही. बाकीचं सगळं नंतर.

ट्रान्झिस्टर अँपला स्पीकर नसला तर तो गप्प बसतो, व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचा अँप गप्प बसत नाही. ट्यूब करंट ढकलतच राहतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला काही ओझंच नाही म्हटल्यावर पहिल्या बाजूचं व्होल्टेज भलतंच चढतं आणि मग ट्रान्सफॉर्मरच्या आत नाहीतर ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पूर्वी एका मित्राचा अँप दुरुस्तीला आणला होता, टेबलावर उघडा ठेवून नुसता हम ऐकायचा म्हणून स्पीकर न लावता चालू केला, तेवढ्यात फोन वाजला, बोलत बसलो, आणि कोणीतरी गिटारच्या वायरवर पाय दिला. टक्क असा बारीक आवाज आला, मग वार्निश जळल्याचा वास. ट्रान्सफॉर्मर मीच गुंडाळून दिला, मैत्री टिकली, पण त्या दिवसापासून माझ्या टेबलावर ८ ओहमचा जाडजूड रेझिस्टर कायम जोडलेला असतो.

आता डिमरस्टॅट. एडी १०० वॉटचा मार्शल अँप व्हेरिॲकवर (म्हणजे डिमरस्टॅटवरच) ९० व्होल्टच्या आसपास चालवायचा हे खरं, पण त्याला त्यातली ती मऊ दबलेली चवही हवी होती. तुझं गणित करून बघ. २३० चे १८० केलेस तर पॉवर साधारण ६० टक्क्यांवर येते, म्हणजे दोन डेसिबलचा फरक. खालच्या आजोबांना कळणारसुद्धा नाही. वर ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात ते पाचच्याही खाली जातात, कॅथोड नीट तापत नाही आणि तसं रोज चालवलंस तर ट्यूब अकाली जातात. सोड तो नाद.

तुझी माशी डब्यात का अडकते ते सांगतो. आवाज एका जागी फाटत नाही रे, चार-पाच ठिकाणी थोडा थोडा फाटतो. आधी प्रीअँपच्या (सिग्नल पहिल्यांदा मोठा करणारा भाग) १२एएक्स७ ट्यूब, मग फेज इन्व्हर्टर (तोही १२एएक्स७च, सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करून दोन ईएल८४ ना वाटून देणारा), मग ईएल८४ स्वतः, थोडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि वर पॉवर सप्लाय दमतो म्हणून जोरात मारलं की आवाज क्षणभर दबतो आणि परत वर येतो. ते दबणं-उठणं हातालाच कळतं, तुला जीव वाटला तो हाच. ब्लूज ज्युनियरमध्ये मास्टर हा फेज इन्व्हर्टरच्या आधी बसवलाय. म्हणजे मास्टर १ वर ठेवलास की पहिली पायरी तेवढी फाटते, पुढचे सगळे आरामात झोपलेले. नुसता प्रीअँप फाटला की किरकिरतो.

तेव्हा अँपचा कान पूर्ण पिळायचा आणि अँपच्या *नंतर* आवाज मारायचा, म्हणजे अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये. बाजारातला ॲटेन्युएटर तेच करतो, आतमध्ये वीज तापवून फुकट घालवतो. बॉस्टन बँडचा टॉम शोल्झ, एमआयटीचा इंजिनियर, त्याने १९८० च्या सुमाराला पॉवर सोक म्हणून हाच डबा विकायला काढला. म्हणजे तुझं दुखणं जुनंच आहे.

---

मंडपातला_मिक्सर

काकांना पूर्ण अनुमोदन, मी फक्त आकडे टाकतो कारण वॉट या शब्दाने लाखो गिटारवाल्यांना फसवलंय.

वॉट निम्मे केले की आवाज निम्मा होत नाही, ३ डेसिबल उतरतो, म्हणजे कळेल न कळेल. कानाला निम्मा वाटायला १० डेसिबल उतरायला हवा आणि त्यासाठी वॉट दहापट कमी लागतात. म्हणजे तुझा १५ वॉटचा अँप १५० वॉटच्या अँपच्या निम्मा ऐकू येतो!! बस. कॉलेजच्या १०० वॉटवाल्यावर तुम्ही व्हॉल्यूम ३ च्या पुढे नेलाच नसणार, म्हणून तो सोज्वळ वाटला.

दुसरं म्हणजे गिटारचे स्पीकर फार कार्यक्षम असतात, एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल. परत वाचा, *एक* वॉट. आपल्याकडच्या नियमात निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ आहे. ते मोजायचं वेगळ्या पद्धतीने असतं, मान्य, पण अंदाज येतो. म्हणजे एक वॉटचा अँप आणला तरी फ्लॅटमध्ये फुल्ल पिळता येणार नाही. लोक ५ वॉटचा फेंडर चँपसारखा छोटा अँप घेतात आणि म्हणतात आता प्रश्न मिटला, १५ वरून ५ म्हणजे पाच डेसिबल सुद्धा नाहीत, काय मिटला.

तिसरं, आणि हे कोणी सांगत नाही. हळू आवाजात *कानच* वेगळं ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून ठेवलंय, आवाज उतरला की खर्ज सगळ्यात आधी गायब होतो आणि वरची धारही थोडी बोथट होते. जुन्या टू-इन-वनवर लाउडनेस नावाचं बटण असायचं ना, दाबलं की हळू आवाजात पण ढुम्म यायचं, ते याच्यासाठीच होतं. म्हणून अगदी देवाने येऊन तुमचा रविवारचा टोन जसाच्या तसा ३० डेसिबल खाली आणून दिला तरी तुम्ही म्हणणार की हा तो नाही.

---

रात्रीचा_ब्लूज

एवढं फिजिक्स वाचून डोकं दुखलं. भावा, सरळ एक ट्यूब स्क्रीमर टाईपचं ओव्हरड्राइव्ह पेडल घे, ड्राइव्ह शून्याच्या जवळ, लेव्हल जास्त, अँप क्लीनवर पण काठावर, मास्टर २-३. मी परळला चाळीत राहतो, भिंत कॉमन आहे, तीन वर्षं असाच वाजवतोय आणि शेजारच्या मावशी उलट गणपतीत वाजव म्हणतात. पॉवर ट्यूब पॉवर ट्यूब म्हणून लोक जप करतात, ऐंशीच्या दशकातलं अर्धं रॉक प्रीअँप डिस्टॉर्शनच आहे.

आणि अजून एक, अँप जमिनीवरून उचल! लादीवर ठेवलेला अँप म्हणजे खालच्या आजोबांच्या छताला लावलेला ढोल. खुर्चीवर ठेव, खाली जुनी उशी, आणि मागे टेकवून तोंड वर कर. स्पीकरची धार सरळ रेषेत जाते, आत्ता तुझ्या गुडघ्यांना ट्रेबल ऐकू येतोय आणि तुला नाही, म्हणून तू आवाज वाढवतोस.

---

तंबोरा_जवारी

मी शास्त्रीयवाला, आगंतुक. आमच्या तंबोऱ्याची जवारी लागली की हळू वाजला तरी खोली भरते, त्याला १२ पर्यंत नॉब लागत नाही. 😄 बाकी चालू द्या, खुर्ची आणि उशीचा उपाय मात्र तबलेवाल्यांनाही सांगणार आहे.

---

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत लाकडी घरं, भिंत म्हणजे पुठ्ठा, त्यामुळे मी स्पीकरचा नादच सोडलाय. अँपच्या स्पीकर आउटमधून रिॲक्टिव्ह लोड बॉक्समध्ये (स्पीकरच्या जागी ओझं म्हणून बसणारा डबा), तिथून लॅपटॉपमध्ये, आणि तिथे स्पीकर कॅबिनेटचा आयआर, म्हणजे खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला त्याचा ठसा. हेडफोन लावले की अँप फुल्ल, घर शांत, मुलं झोपलेली. टू नोट्सचा कॅप्टर आहे माझ्याकडे, आउटपुट आणि लोड दोन्ही ८ ओहम आहेत ना हे बघून घ्यायचं, बस. टोन रेकॉर्डिंगसारखा येतो, छान येतो. पण खरं सांगू का, पँट हलत नाही. आणि नोट लटकून राहते म्हणालास ना, त्यात निम्मं काम स्पीकरचा आवाज परत तारांना हलवतो त्याचं असतं, हेडफोनमध्ये तार कशाने हलणार?

ता.क. इकडून स्वस्तात अँप मागवायचा कोणाचा विचार असेल तर थांबा, इकडचे १२० व्होल्टचे असतात, सरळ आपल्याकडच्या प्लगात घातला तर आरती होईल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल.

---

कोथरूडचा_स्ट्रॅट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. स्पीकरची पिन काढायचा सल्ला देणाऱ्या मित्राला काकांची पोस्ट फॉरवर्ड केली, तो आता फोन उचलत नाहीये.

खुर्ची + उशी आजच केली. फरक आहे!! निदान माझ्या कानाला. रात्रीचा_ब्लूज दादा, पेडल एका मित्राचं आणून बघितलं, छान आहे, माशीपेक्षा कितीतरी बरं, पण ते गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की साफ होणं तितकंसं येत नाही, आणि रविवारी ती चव चाखल्यावर आता... कळतंय ना.

काका, तो वीज फुकट घालवणारा डबा घरी करता येतो का? सोल्डरिंग येतं, इंजिनियरिंगला इलेक्ट्रॉनिक्स होतं, सगळं विसरलोय पण ओहमचा नियम आठवतो.

---

व्हॉल्व्हकाका

येतो. एल-पॅड म्हणतात. तीन रेझिस्टर, दोन जॅक, एक ॲल्युमिनियमचा डबा. लिहून घे.

अँपकडून येणाऱ्या गरम वायरमध्ये ६ ओहम सिरीजला. त्याच्यापुढे, स्पीकरला समांतर, २.७ ओहम. ६ चा रेझिस्टर सहज मिळत नाही, ३.३ आणि २.७ एकापुढे एक जोड, झाले ६. २.७ आणि तुझा ८ ओहमचा स्पीकर समांतर मिळून होतात साधारण २, त्यात ६ मिळवले की ८. अँपला वाटतं समोर नेहमीचाच स्पीकर आहे. स्पीकरला मिळते फक्त सहा टक्के पॉवर, म्हणजे १५ वॉटमधला एकच्या आतबाहेर. बारा डेसिबल उतरले.

रेझिस्टर ते सोनेरी पंखवाले घे, ॲल्युमिनियमच्या अंगाचे, ५० वॉटचे. हिशेबाने सिरीजवाल्या जोडीत ११ वॉट जातात, पण १५ वॉटचा अँप फुल्ल पिळला की १५ वर थांबत नाही, आणि या रेझिस्टरवर जे ५० लिहिलेलं असतं ते धातूच्या पत्र्यावर कसून बसवल्यावरचं, नुसते हवेत लोंबकळत ठेवलेस तर निम्मेही झेपत नाहीत. तेव्हा डब्याला स्क्रूने आवळ, मध्ये हीट सिंकचं पांढरं ग्रीस, डब्याला वर-खाली भोकं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास बघ. सगळं हजाराच्या आत होईल.

दोन गोष्टी चुकवू नकोस. एक, इनपुट आणि आउटपुट जॅकवर नेलपॉलिशने खूण कर, लाल म्हणजे अँप. उलटं लावलंस तर अँपला ८ च्या ऐवजी सव्वादोन ओहम दिसतील, बिचाऱ्याचे हाल. दुसरं, अँप ते डबा आणि डबा ते स्पीकर या दोन्ही वायरी स्पीकरच्याच हव्यात, गिटारची शिल्डवाली केबल नाही. चालू करण्याआधी स्पीकर लावून लाल जॅकला मल्टिमीटर लाव, ८ च्या आसपास दिसलं की पुढे जा. अँपचं पोट उघडायची गरजच नाही, उघडू पण नकोस, आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात.

आता तोटा. स्पीकरचे ८ ओहम हे नावापुरते ८, खर्जात जिथे कोन मोकळा हलतो तिथे ते कितीतरी पट वर जातात आणि वरच्या पट्टीत परत चढतात. अँप त्या चढ-उताराशी खेळत असतो. मध्ये रेझिस्टर आले की तो खेळ बंद पडतो आणि स्पीकरला घट्ट धरल्यासारखं होतं, म्हणून जरा कोमट लागेल. बारा डेसिबलपर्यंत चालतं, वीस उतरवायला गेलास तर पांघरूण घातल्यासारखं होतं. महागडे रिॲक्टिव्हवाले डबे इथेच पैसे वसूल करतात. शिवाय अँप रोज फुल्ल चालणार म्हणजे ईएल८४ लवकर म्हाताऱ्या होणार, एक जोडी कपाटात ठेव.

---

मंडपातला_मिक्सर

+१. फक्त एक आठवण, बारा उतरल्यावरही एक वॉट उरतो आणि एक वॉट म्हणजे काय ते वर लिहिलंय. आधी मास्टर ५-६ वर थांबा, तिथेच ईएल८४ बोलायला लागतात, १२ पर्यंत नुसता चिखल वाढतो. आणि बेस एक काटा वर घ्या, लाउडनेसचं बटण समजा.

---

कोथरूडचा_स्ट्रॅट

तीन आठवड्यांनी अपडेट.

डबा झाला. ७८० रुपये, त्यातले १५० नेलपॉलिशचे, कारण बायकोची वापरली आणि नवीन आणून द्यावी लागली. मीटरवर ७.९ आले तेव्हा पेढा खावासा वाटला.

व्हॉल्यूम ७, मास्टर ६, बेस जरा वर, फॅट स्विच बंद, खुर्ची-उशी आहेच. रविवारचा टोन आला का? नाही. पण त्याचा सख्खा भाऊ आला. हलकं वाजवलं तर साफ, जोरात मारलं की फाटतो, आणि ते दबून परत उठणं आहे, हातात जाणवतं. ट्रेबल थोडा कोमट आहे काका म्हणाले तसा, नॉब दीडने वाढवून भागलं. नोट लटकत नाही तितकी, अँपच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो तर थोडी लटकते. आवाज अजूनही टीव्हीपेक्षा मोठा आहे, त्यामुळे संध्याकाळी सात ते आठ, तेही आजोबा फिरायला जातात तेव्हा. रात्री नऊनंतर पेडल. दहावीच्या मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपते, तोवर शनिवार-रविवार बंद असं तिच्या आईशी ठरलंय.

एक शंका, पहिले दोन दिवस डब्याला वास येत होता, आणि अर्ध्या तासाने हात लावला तर चांगलाच तापलेला असतो, हे नॉर्मल ना?

---

व्हॉल्व्हकाका

वास नव्या रेझिस्टरचा आणि ग्रीसचा, जाईल. तापणारच, आजोबांकडे जाणारा आवाज तिथेच तर जातोय. हात दोन सेकंद ठेवता आला तर ठीक. नाही ठेवता आला तर भोकं वाढव नाहीतर डबा मोठा घे.

---

सांगलीचा_सोलो

काका, धागा वाचून माझाही हात शिवशिवतोय. माझा ५० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला अँप) आहे आणि १६ ओहमचं कॅबिनेट, हेच रेझिस्टर चालतील का?

---

व्हॉल्व्हकाका

नाही. १६ साठी आकडे दुप्पट, सिरीजला १२ आणि समांतर ५.६. अँपच्या मागचा सिलेक्टर पण १६ वरच हवा. आणि ५० वॉटचा अँप फुल्ल पिळला की सिरीजवाल्यावर चाळीसच्या पुढे जाणार, तेव्हा तो १०० वॉटचा घे, डबा मोठा घे, भोकं दुप्पट पाड, आणि सतरंजीवर ठेवू नकोस.